विश्लेषण : झिप फाइलमधली मराठी नावे का बिघडतात? फिल कॅट्झ आणि ‘पीके’ या दोन अक्षरांची गोष्ट

सोसायटीचे हिशेब, मुलांच्या सराव प्रश्नपत्रिका, जमिनीची कागदपत्रे, लग्नाचे फोटो... ढीगभर फायली एका गठ्ठ्यात पाठवायच्या तर आपण त्यांची ‘झिप’ करतो. गठ्ठा समोरच्याच्या मोबाइलवर पोहोचतो. पण उघडल्यावर कधी मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, कधी फाइलची वेळ चुकते, तर कधी मोठा गठ्ठा उघडतच नाही. आपण मोबाइलला दोष देतो. या अडचणींचे मूळ मात्र १९८९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरालगत एका तरुणाने बांधलेल्या फाइलच्या रचनेत आहे. त्याचे नाव फिल कॅट्झ. त्यांनी ही रचना सर्वांसाठी खुली केली, म्हणून ती जगभर पोहोचली. मात्र ज्या संगणकावर ती जन्मली, त्याच्या सवयीही तिच्याबरोबर जगभर गेल्या. त्यातल्या अनेक दुरुस्त व्हायच्या आतच, वयाच्या ३७ व्या वर्षी कॅट्झ यांचे निधन झाले.

‘पीके’ ही अक्षरे कुठे असतात?

जवळपास कोणतीही झिप फाइल घेऊन तिचे सुरुवातीचे बाइट तपासले, तर पहिली दोन अक्षरे इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ अशी निघतात. ती फिलिप कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. वर्डची ‘डॉक्सएक्स’, एक्सेलची ‘एक्सएलएसएक्स’, ई-पुस्तकाची ‘ईपब’ आणि अँड्रॉइड अ‍ॅपची ‘एपीके’ या सगळ्या फायली आतून झिपच असतात. त्यामुळे त्यांच्याही माथ्यावर हीच दोन अक्षरे असतात. (‘एपीके’ या नावातले ‘पीके’ मात्र ‘पॅकेज’ या शब्दातले, तो निव्वळ योगायोग.) म्हणजे तुमच्या मोबाइलमध्ये या क्षणी कॅट्झ यांची आद्याक्षरे अनेक ठिकाणी असणार.

फिल कॅट्झ कोण होते?

कॅट्झ यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे झाला. शहराला लागून असलेल्या ग्लेनडेल उपनगरात ते वाढले. स्वभावाने शांत, फारसे न मिसळणारे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलाला प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या कॅल्क्युलेटरचे वेड लागले. वडिलांसोबत बसून ते प्रोग्रॅम लिहीत. त्या कॅल्क्युलेटरमध्ये जेमतेम काही सूचना मावत. एक सूचना वाचवली, तर दुसरीला जागा मिळे. जागा वाचवण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली, आणि झिप फाइलच्या रचनेतही ती उतरली.

१९८४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतून त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर अ‍ॅलन-ब्रॅडली या कंपनीत, कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या प्रणालींसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी केली. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ते वेगळ्याच प्रश्नात गुंतलेले असत : फाइल लहान कशी करायची, आणि तीही लवकर.

फाइल लहान करण्याची एवढी निकड का होती?

तेव्हा आजच्यासारखे इंटरनेट घरोघरी नव्हते. हौशी संगणकवाले ‘बुलेटिन बोर्ड’ चालवत. म्हणजे कुणाच्या तरी घरचा संगणक टेलिफोन लाइनला जोडलेला असे आणि इतरांनी फोन लावून त्यावरच्या फायली उतरवून घ्यायच्या. २४०० बिट वेगाच्या मोडेमवर सेकंदाला साधारण २४० बाइट येत. ३६० केबीची एक फ्लॉपी भरायला या वेगाने २५ मिनिटे लागत. बाहेरगावचा फोन असेल तर तेवढ्या मिनिटांचे बिल. एसटीडी बूथवर मीटरकडे डोळे लावून बोललेल्या पिढीला ही घालमेल वेगळी सांगायला नको. फाइल निम्मी झाली, तर बिलही निम्मे.

फाइल लहान करण्याची युक्ती कल्पनेने सोपी आहे. एखाद्या शासन निर्णयात ‘महाराष्ट्र शासन’ हे शब्द पन्नास वेळा आले असतील, तर ते पन्नासदा लिहायचे नाहीत. एकदा लिहायचे आणि पुढे प्रत्येक वेळी, इतकी अक्षरे मागे जा आणि तिथली एवढी अक्षरे उचल, अशी छोटी खूण ठेवायची. ही पद्धत जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७७ मध्ये मांडली. त्याच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती : जे वारंवार येते त्याला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला मोठी. मूळ गणित दुसऱ्यांचे होते. कॅट्झ यांचे कौशल्य ते घरगुती संगणकावर वेगाने पळवण्यात होते.

‘आर्क’चा वाद काय होता?

१९८५ पासून बुलेटिन बोर्डांवर ‘आर्क’ या प्रोग्रॅमचे राज्य होते. न्यू जर्सीतील सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स (एसईए) या छोट्या कंपनीचा तो प्रोग्रॅम. त्याचा सोर्स कोड पाहायला उपलब्ध होता. कॅट्झ यांनी त्याच प्रकारच्या फायली बनवणारा ‘पीकेआर्क’ काढला. कळीचे भाग त्यांनी असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत लिहिले. परिणामी तो मूळ प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी वेगाने चालू लागला. १९८६ मध्ये आईच्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावरून ‘पीकेवेअर’ कंपनीचा कारभार सुरू झाला. आई हिल्डेगार्ड व्यवहार सांभाळू लागल्या.

१९८८ मध्ये एसईएने कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या भंगाचा दावा लावला. दोन्ही सोर्स कोड तपासणाऱ्या तज्ज्ञाला बराच भाग उचललेला आढळला. मूळ कोडमधील शेरे आणि त्यातल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तशाच होत्या. ऑगस्ट १९८८ मध्ये तडजोड झाली. कॅट्झ यांनी रॉयल्टी आणि खर्चापोटी ६२,५०० डॉलर देण्याचे आणि ठरलेल्या मुदतीनंतर ‘आर्क’शी जुळणारा प्रोग्रॅम थांबवण्याचे मान्य केले.

बुलेटिन बोर्डांवरच्या लोकांनी मात्र बाजू घेतली ती कॅट्झ यांची. मोठी कंपनी एका होतकरू पोराला चिरडते आहे, असे चित्र तयार झाले. प्रत्यक्षात एसईएसुद्धा मूठभर माणसांचीच होती. कॅट्झ यांची बुद्धिमत्ता मान्य करतानाच, त्यांच्या यशाची सुरुवात दुसऱ्याच्या कोडवरून झाली, हेही नोंदवायला हवे.

मग ‘झिप’ खुली का ठेवली?

‘आर्क’चा रस्ता बंद झाल्याने कॅट्झ यांना स्वतःची नवी रचना करावी लागली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘झिप’ची घोषणा झाली. तिच्याबरोबर त्यांनी एक मोठा निर्णय जाहीर केला : फाइलची रचना कुणाचीही मालमत्ता राहणार नाही. कोणता बाइट कुठे आणि कशासाठी, हे सगळे एका लेखी टिपणात उघड केले. ‘पीकेझिप’ हा प्रोग्रॅम कॅट्झ यांचा. पण झिप फाइल बनवणारा किंवा उघडणारा आपला प्रोग्रॅम कुणीही लिहावा.

हा निर्णय झाला नसता, तर ‘झिप’ एका कंपनीपुरती राहिली असती आणि आज तिचे नावही उरले नसते. खटल्यात पोळलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय होता, हेही विशेष. पुढे बुलेटिन बोर्डांनी आपले साठे ‘आर्क’मधून ‘झिप’मध्ये बदलून घेतले.

‘डिफ्लेट’ म्हणजे काय?

झिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत वापरलेली एक पद्धत युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली येत होती. पुढे कॅट्झ यांनी झिव्ह-लेंपेल आणि हफमन यांच्या युक्त्या एकत्र गुंफून ‘डिफ्लेट’ ही पद्धत बसवली. ती घेऊन येणारी ‘पीकेझिप’ २.०४ ही आवृत्ती १९९२ संपताना आली. पहिल्या प्रतींमध्ये दोष निघाले, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि फेब्रुवारी १९९३ मधील ‘२.०४ जी’ ही आवृत्ती स्थिरावली.

डिफ्लेटला मागे पाहण्याची मर्यादा आहे ३२ केबीची. त्याहून लांब आधी येऊन गेलेला मजकूर तिला दिसत नाही. ६४० केबी मेमरीत सगळा संसार मांडणाऱ्या डॉस संगणकाला तेवढेच झेपत होते. आज मोबाइलमध्ये कैक जीबी मेमरी असूनही ही मर्यादा तशीच आहे, कारण ती बदलली तर जुन्या प्रोग्रॅमना नवी फाइल उघडता येणार नाही.

डिफ्लेटच्या एका तंत्रावर कॅट्झ यांना १९९१ मध्ये पेटंट मिळाले होते. पण तयार होणाऱ्या फाइलचे स्वरूप असे होते, की पेटंटला हात न लावताही ती बनवता येई. जाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी तसा मुक्त कोड लिहिला. मे १९९६ मध्ये डिफ्लेटचे वर्णन इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत, ‘आरएफसी १९५१’ म्हणून आले. पीएनजी चित्रे आणि वेब पाने पाठवण्याची ‘जीझिप’ पद्धत आजही याच डिफ्लेटवर चालते.

डॉसबाहेर नेताना काय अडले?

‘पीकेझिप’ डॉससाठी लिहिलेला आणि त्याचे कळीचे भाग असेंब्लीत. ती भाषा एका जातीच्या प्रोसेसरपुरतीच असल्याने तो प्रोग्रॅम उचलून युनिक्स किंवा मॅकवर ठेवता येत नव्हता. पीकेवेअरने नंतर इतर प्रणालींसाठीही आवृत्त्या काढल्या. पण जगभर झिप नेण्याचे मोठे काम केले ते ‘इन्फो-झिप’ या स्वयंसेवकांच्या गटाने. त्यांनी खुल्या टिपणाच्या आधारे सी भाषेत ‘झिप’ आणि ‘अनझिप’ लिहिले. युनिक्स, व्हीएमएस, ओएस/२, अमिगा, अटारी, मॅकिंटॉश अशा एकेका प्रणालीवर ते नेताना डॉसची एकेक सवय समोर आली.

पहिली अडचण आकड्यांच्या क्रमाची. डॉस संगणकातील इंटेलचा प्रोसेसर मोठ्या संख्येचा लहान भाग आधी लिहितो. अमिगा आणि जुन्या मॅकमधील मोटोरोलाचा प्रोसेसर मोठा भाग आधी वाचतो. त्यामुळे एकाने लिहिलेले २५८ दुसरा ५१३ असे वाचू शकतो. फाइलची लांबीच अशी वाचली गेली, तर पुढचे सगळे कोसळते.

दुसरी अडचण रिकाम्या जागेची. झिपमधील प्रत्येक फाइलच्या आधी ३० बाइटचे मथळ्याचे टिपण असते. अनेक संगणकांवर सी भाषेचा अनुवादक सोयीसाठी मध्ये दोन रिकामे बाइट घालून त्याचे ३२ करतो. मग दोन घरे पुढचे वाचले जाते. या दोन्हींवर उपाय एकच : टिपण अख्खे न उचलता एकेक बाइट वाचून संख्या स्वतः जुळवणे.

तिसरी अडचण नावांची. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचे आणि शेपटी तीनची. मोठी लिपी आणि लहान लिपी एकच. युनिक्समध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांतील ‘रीडमी’ आणि लहान अक्षरांतील ‘रीडमी’ या दोन वेगळ्या फायली. डॉसवर उघडताना दुसरी पहिलीला पुसून बसू शकते. फोल्डर वेगळे दाखवायला डॉस उलटी तिरकी रेघ वापरतो, युनिक्स सुलटी. झिपच्या नियमांत सुलटीच सांगितली आहे. तरीही मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ४.६.१ च्या आधीच्या काही आवृत्त्या उलटी रेघ लिहीत. ती झिप इतरत्र उघडली, की फोल्डर गायब होऊन लांबलचक नावाच्या फायली दिसत.

चौथी अडचण मजकुराच्या ओळींची. ओळ संपली हे सांगायला डॉस दोन खुणा वापरतो, युनिक्स एक आणि जुना मॅक तिसरीच एक. उघडताना या खुणा बदलून घेण्याची सोय ‘अनझिप’ने दिली. पण एखादे चित्र चुकून मजकूर समजले गेले, तर त्यातलेही बाइट बदलतात आणि चित्र कायमचे खराब होते.

पाचवी, परवानग्यांची. कोणती फाइल कुणी वाचावी, कोणती चालवता यावी, हे युनिक्स प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवते. डॉसला हे ठाऊकच नव्हते. त्यामुळे डॉसकडून आलेल्या झिपमध्ये ही माहिती नसते.

इथे कॅट्झ यांच्या दूरदृष्टीचीही नोंद घ्यावी लागेल. ही फाइल कोणत्या प्रणालीवर बनली, हे लिहायला त्यांनी एक घर ठेवले होते. शिवाय प्रत्येक फाइलच्या टिपणाला पुढे हवी ती जादा माहिती जोडता येईल अशी मोकळी जागाही राखली होती. पुढच्या बहुतेक दुरुस्त्या याच राखीव जागेत बसल्या.

फाइलची वेळ का चुकते?

झिपने वेळ लिहिण्याची पद्धत डॉसकडून जशीच्या तशी घेतली. तास, मिनिट, सेकंद मिळून फक्त १६ बिट. तासाला ५, मिनिटाला ६. सेकंदाला उरले ५. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, साठ सेकंद मावत नाहीत. म्हणून सेकंद दोन-दोनने मोजायचे. म्हणजे झिपमध्ये विषम सेकंद नसतोच. वर्षासाठी ७ बिट, मोजणी १९८० पासून. त्यामुळे ही दिनदर्शिका २१०७ मध्ये संपते.

मोठी अडचण वेगळीच आहे. कोणत्या देशाची वेळ, हे त्यात लिहायला जागा नाही. पुण्यात सकाळी १० वाजता जतन केलेली फाइल झिप होऊन लंडनला गेली, तर तिथेही १० च दिसतात. पण ते लंडनचे १० समजले जातात. दोन प्रतींपैकी नवी कोणती हे वेळेवरून ठरवणारे बॅकअपचे प्रोग्रॅम यामुळे फसतात आणि जुनी प्रत नवीवर चढू शकते. इन्फो-झिपने राखीव जागेत जागतिक वेळ लिहून यावर उपाय काढला. पण ती जागा न वाचणारे प्रोग्रॅम आजही जुनीच वेळ दाखवतात.

कॅट्झ यांचे पुढे काय झाले?

फाइल जगभर जात होती, पण तिचा कर्ता मागे राहत होता. घरगुती संगणक डॉसकडून विंडोजकडे सरकले. माउसने चालणारा ‘विनझिप’ निको मॅक यांनी १९९१ मध्येच आणला होता आणि तो घरोघरी पोहोचला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्यात रमणाऱ्या कॅट्झ यांची कंपनी विंडोजकडे उशिरा वळली. रचना खुली असल्याने इतरांनी पुढे जाण्यात गैर काहीच नव्हते. ती मोकळीक त्यांनी स्वतःच दिली होती.

पैसा आला, नाव झाले, पण एकटेपण सरले नाही. १९९० च्या दशकात दारूचे व्यसन वाढत गेले. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्यांना अनेकदा अटक झाली. कार्यालयात ते क्वचितच येऊ लागले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतील एका हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. दीर्घ मद्यसेवनामुळे स्वादुपिंडात झालेला रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते. पुढच्या वर्षी पीकेवेअर कंपनी दुसऱ्या गुंतवणूकदारांकडे गेली.

४ जीबीची भिंत कशी फुटली?

मूळ झिपमध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जाई. त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे जेमतेम ४ जीबी मावतात. एका गठ्ठ्यात फायलीही जास्तीत जास्त ६५,५३५. घरगुती संगणकात २० ते ४० एमबीची हार्ड डिस्क असण्याच्या काळात हे आकडे अफाट होते. आज लग्नाचा एक व्हिडीओ ४ जीबी ओलांडतो.

कॅट्झ गेल्यानंतर, २००१ मध्ये, पीकेवेअरने ‘झिप ६४’ हा विस्तार आणला. मोठा आकार राखीव जागेत ६४ बिटांत लिहिण्याची सोय झाली. पण प्रत्येक प्रणालीवरच्या प्रोग्रॅमने ती शिकणे वेगळे. इन्फो-झिपच्या अनझिपमध्ये ती आली २००९ च्या ६.० आवृत्तीत. ही सोय नसलेल्या प्रोग्रॅमला मोठी झिप मोडकी वाटते, म्हणूनच एका उपकरणावर उघडलेला गठ्ठा दुसऱ्यावर उघडत नाही.

आणि मराठी नावे?

डॉसच्या अमेरिकी वर्णसंचात २५६ च चिन्हे होती. इंग्रजी अक्षरे, काही युरोपीय अक्षरे, थोडी ग्रीक आणि चौकटी आखायच्या रेघा. त्या संचाचा क्रमांक ४३७. झिपमधील नावे याच संचात आहेत, असे नियम धरून चालत. देवनागरीला त्यात जागा नव्हती. ती मिळेल अशी व्यवस्थाही नव्हती.

आज देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा ‘यूटीएफ-८’ पद्धतीत तीन बाइटची असते. ‘सातबारा’ या नावात अक्षरे आणि काने मिळून सात खुणा आहेत, म्हणजे २१ बाइट. उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ते ४३७ क्रमांकाच्या संचातून वाचले, तर सात खुणांऐवजी २१ विचित्र चिन्हे दिसतात. प्रत्येक तिकडीची सुरुवात ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘एन’ यांनीच होते, कारण त्या खुणांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. असे काही दिसले, तर समजावे की फाइल शाबूत आहे, फक्त नाव चुकीच्या चष्म्यातून वाचले गेले आहे.

२००६ मध्ये झिपच्या नियमांत दुरुस्ती झाली. एक बिट ‘चालू’ केला, की नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असे समजायचे. पण हा बिट न लावताच देवनागरी नाव लिहिणारे आणि बिट असूनही त्याकडे न पाहणारे प्रोग्रॅम अजूनही आहेत. बनवणारा आणि उघडणारा दोघेही नियम पाळत असतील, तरच ‘सातबारा’ हा सातबारा राहतो.

यात सुरक्षेचा धोका आहे का?

आहे. एकच रचना वेगवेगळ्या प्रोग्रॅमने वेगवेगळी वाचली, की मधल्या फटीतून चोर शिरतो. २०१३ मध्ये अँड्रॉइडमधील असा दोष उघड झाला. अ‍ॅपच्या फाइलमध्ये एकाच नावाच्या दोन फायली ठेवल्या, तर सही तपासणारा कोड एक पाहत होता आणि अ‍ॅप बसवणारा कोड दुसरी. त्यामुळे खऱ्या अ‍ॅपच्या सहीखाली बनावट कोड घुसवता येत होता. अँड्रॉइड १.६ पासून हा दोष होता. नंतर तो दुरुस्त झाला.

२०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ नावाने ओळखला गेलेला दोष नावांमधल्या तिरक्या रेघांचा फायदा घेत होता. नावातच, एक फोल्डर मागे जा, अशी खूण पेरली, की निष्काळजी प्रोग्रॅम ती फाइल भलत्याच ठिकाणी लिहून ठेवी. झिपचा मूळ पासवर्डही भरवशाचा नाही. १९९४ मध्येच एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी तो फोडण्याची पद्धत मांडली होती.

आपण काय काळजी घ्यावी?

- महत्त्वाची झिप दुसऱ्या उपकरणावर उघडून, फायलींची संख्या मोजूनच मूळ फायली काढून टाका.
- झिप बनवताना ‘यूटीएफ-८’ नावांचा पर्याय असेल, तर तो निवडा. नसेल तर कागदपत्रांना क्रमांक द्या आणि मराठी नावांची यादी आत एका पीडीएफमध्ये ठेवा. यादीच्या आतला मजकूर बिघडत नाही. बिघडते ते नाव.
- नावे बिघडलेली दिसली, तरी फायली पुसू नका. दुसऱ्या अ‍ॅपमधून उघडून पाहा.
- ४ जीबीपेक्षा मोठा गठ्ठा पाठवण्यापेक्षा त्याचे लहान गठ्ठे करा.
- कोणती प्रत नवी, हे फाइलच्या वेळेवरून ठरवू नका. नावातच तारीख लिहा.
- पासवर्ड लावायचा असेल, तर ‘एईएस-२५६’ हा पर्याय निवडा.
- अनोळखी ठिकाणाहून आलेली ‘एपीके’ बसवू नका.

कॅट्झ यांनी रचना बंद ठेवली असती, तर तिच्या मर्यादा एका कंपनीपुरत्या राहिल्या असत्या. पण तिचा उपयोगही तेवढाच राहिला असता. ती खुली ठेवल्यामुळेच त्यांच्या मृत्यूनंतरही जगभरातल्या लोकांना ती दुरुस्त करता आली आणि अजूनही करता येते. काम पूर्ण झालेले नाही. मराठी नावाची फाइल प्रत्येक मोबाइलवर मराठीतच उघडेल, तेव्हा मिलवॉकीच्या त्या टेबलावर राहून गेलेली एक उणीव भरून निघेल.